पहिल्या मालकाने फेडलेली गाडी

ऑकलंडमध्ये कुणाच्या गाडीत बसलात, तर इंजिन सुरू होताच डॅशबोर्डातून एक बाई जपानीत काहीतरी बजावते, हा अनुभव येण्याची शक्यता बरीच आहे. टोलचं कार्ड घातलेलं नाही, अशी तिची तक्रार असते. ते कार्ड न्यूझीलंडमध्ये कुठेच चालत नाही. मालकाला जपानी येत नाही, आणि बाईला गप्प कसं करायचं हे सांगणारी पुस्तिकाही जपानीतच आहे. रेडिओची तीच गत. जपानचा एफएमचा पट्टा कित्येक वर्षं ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असा होता, आणि न्यूझीलंडची बहुतेक स्टेशनं त्याच्या वर. त्यामुळे गाडी बोटीतून उतरली की तिच्या रेडिओमागे एक छोटी डबी बसवायची, हा तिथे स्वतंत्र धंदाच होऊन बसला.

अशा गाड्या त्या देशात लाखांनी आहेत. आणि १९९८ नंतर तिथे कुठल्याही मोठ्या कंपनीची मोटार जुळवली गेलेली नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की निष्कर्ष आयताच हाती येतो: जपानच्या जुन्या गाड्यांनी न्यूझीलंडचा मोटार उद्योग खाल्ला. नायजेरियात, केनियात, घानात हेच वाक्य देशाचं नाव बदलून ऐकू येतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये हिशेब मांडला, तेव्हा २०१५ ते २०१८ या काळात जगात १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्या एका देशातून दुसऱ्या देशात गेल्याचं दिसलं, आणि त्यांतल्या सुमारे ८० टक्के गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत. एवढा लोंढा येतो म्हटल्यावर कारखाने बुडणारच, असं वाटतं. ते अर्धं खरं आहे. राहिलेला अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी ही गाडी निघते कुठून ते पाहू. जपानात नवी गाडी घेतली की तीन वर्षांनी, आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. तपासणीचा खर्च, सक्तीचा विमा आणि वजनावरचा कर असं सगळं त्या वेळी एकदम भरावं लागतं. पेट्रोलची गाडी १३ वर्षांची झाली की वार्षिक करही चढतो. म्हणून शाकेनची तारीख जवळ आली की अनेक जण हिशेब घालतात आणि गाडी काढून टाकतात. गाडी मात्र धडधाकट असते. रस्ते गुळगुळीत, धावणं कमी, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी.

मग ती लिलावात येते. तिथे तपासनीस प्रत्येक गाडीचा एक कागद भरतो. कागदावर गाडीची चपटी आकृती असते, जणू पुठ्ठ्याचं खोकं उलगडून ठेवलंय, आणि तिच्यावर अक्षरं-आकडे: ‘ए’ म्हणजे ओरखडा, ‘यू’ म्हणजे पोचा, ‘डब्ल्यू’ म्हणजे रंगकाम केल्याच्या खुणा, ‘एस’ म्हणजे गंज, ‘एक्स’ म्हणजे तो पत्राच बदलायला हवा. पुढचा आकडा जितका मोठा तितकी खोट मोठी. कोपऱ्यात एकूण श्रेणी. साडेचार मिळाली तर उत्तम, ‘आर’ असेल तर गाडी अपघातातून दुरुस्त होऊन आलेली. ऑकलंड, मोम्बासा किंवा व्लादिवोस्तोकमधला व्यापारी गाडी न बघता निव्वळ या कागदावर बोली लावतो, आणि काही सेकंदांत व्यवहार होतो.

त्या बोलीत एक गोष्ट धरलेलीच नसते. ही गाडी बनवायला लागलेलं पोलाद, मजुरी, डिझाइन, जाहिरात, कंपनीचा नफा, हे सगळं पहिल्या मालकाने केव्हाच फेडलेलं आहे. तिला उत्पादनखर्च असा उरलेलाच नाही. जी किंमत येईल ती विकणाऱ्याची कमाईच. जगातला कोणताही कारखाना दुसऱ्या कारखान्याशी झुंजू शकतो; तो कामगार कमी करील, यंत्रं आणील, पुरवठादाराला पिळील. ज्या मालाचा खर्चच शून्यावर आलेला आहे, त्याच्याशी किमतीत झुंजायचं कसं? स्वस्तात माल ओतणाऱ्या परदेशी कारखानदारावर दंडात्मक शुल्क बसवता येतं. इथे कुणी कारखानदार काही ओततच नाहीये.

आता न्यूझीलंडचे ते कारखाने होते तरी कसे, ते पाहायला हवं. या देशात १९३८ पासून आयातीला परवाना लागत असे. तयार मोटार आणणं महाग आणि अवघड. सुटे भाग खोक्यात आणून इथे जुळवले तर शुल्क कमी. त्यामुळे ब्रिटिश, अमेरिकी आणि पुढे जपानी कंपन्यांनी जुळणीचे कारखाने टाकले. वेलिंग्टनच्या शेजारी हट खोऱ्यात जनरल मोटर्स आणि फोर्ड, पोरिरुआला टॉड मोटर्स, ऑकलंडजवळ विरीत निसान, कोरोमंडल द्वीपकल्पाच्या पायथ्याशी थेम्स या सोन्याच्या खाणींच्या जुन्या गावात आधी कॅम्पबेल आणि नंतर टोयोटा. नेल्सनचा कारखाना तर कापडगिरणीसाठी बांधलेल्या इमारतीत होता. गिरणीचा बेत बारगळला, तिथे ट्रायम्फ गाड्या जुळू लागल्या, आणि शेवटी होंडा आली. काच, टायर, बॅटरी, गाद्या, वायरिंग, रेडिएटर असं बरंच काही स्थानिक असे. खोक्यांच्या फळ्याही वाया जात नसत; लोक त्यांतून घरामागे शेड ठोकत.

देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या पुढेमागे. आणि एवढ्याशा बाजारासाठी डझनावारी मॉडेलं निरनिराळ्या ठिकाणी जुळत. लाख-दोन लाख गाड्या निघाल्या तरच जिथे गणित जमतं, तिथे एकेका मॉडेलच्या काही हजार गाड्या. सुट्या भागांचं खोकं तयार गाडीपेक्षा फारसं स्वस्तही पडत नसे, कारण भाग वेगळे करून, मोजून, बांधून पाठवायलाही खर्च येतो. सगळा भार ग्राहकावर. नवी गाडी हवी तर नंबर लावायचा. परदेशात ज्याचा पैसा असे त्याचा नंबर आधी लागे. आणि वापरलेली गाडी कित्येकदा नवीपेक्षा जास्त किमतीला जाई. चेतक स्कूटरचा नंबर लागला म्हणून पेढे वाटलेली पिढी आपल्याकडे अजून आहे. तिला हे समजावून सांगायला नको.

अधूनमधून कुणाला वाटे, आपणच गाडी बनवावी. ‘ट्रेका’ नावाची एक गाडी १९६६ ते १९७३ या काळात ऑकलंडमध्ये निघाली. पत्र्याचा साधासुधा सांगाडा स्थानिक, आणि आत इंजिन-गिअर चेकोस्लोव्हाकियाच्या श्कोडाचे. जेमतेम अडीच हजार बनल्या. परवान्याची भिंत सैल होताच बंद पडली.

१९८४ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं आणि अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी अर्थव्यवस्था उघडायला सुरुवात केली. मोटारींचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेलं, १९८९ पासून आयात परवानेही उठले, आणि जपानच्या वापरलेल्या गाड्यांना वाट मोकळी झाली. दोन्ही देशांत गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते, स्टिअरिंग उजवीकडे. बदल करायचा तो रेडिओत. एकदोन वर्षांतच वापरलेल्या गाड्यांची आवक नव्या गाड्यांच्या विक्रीला भिडली. ज्या कुटुंबाने आयुष्यभर कुरकुरणारी जुनी ब्रिटिश गाडी ढकलली, त्याच्या दारात एसी, ऑटोमॅटिक गिअर आणि बटणाच्या काचा असलेली टोयोटा आली. लबाडीही आली. किलोमीटरचं मीटर मागे फिरवण्याचे प्रकार इतके वाढले, की तो राजकीय वादाचा विषय झाला.

कारखाने मात्र एका दिवसात गेले नाहीत. फोर्डचा हट खोऱ्यातला कारखाना आणि जनरल मोटर्सचा ट्रेंटहॅमचा कारखाना आधीच मिटले होते. उरलेल्यांनी मॉडेलं कमी केली, दर्जा सुधारला. पण १९९८ च्या मे महिन्यात मोटारींवरचं शुल्क शून्य झालं, आणि त्याच वर्षात मित्सुबिशी, निसान, होंडा आणि टोयोटा या चौघांनीही कुलूप लावलं. सगळ्यात शेवटी थेम्स. आणि तिथे टोयोटाने जे केलं, त्याला दाद द्यावीशी वाटते. याच कारखान्यात जपानहून वापरलेल्या टोयोटा आणून, तपासून, घासूनपुसून, कंपनीच्या हमीसकट विकायचं काम सुरू झालं. हरवणाऱ्याच्या धंद्यातच शिरायचं, असा हा व्यवहारी मार्ग होता.

मग कारखाने कुणी मारले, शून्य शुल्काने की जुन्या गाड्यांनी? शेजारी पाहिलं तर थोडं उत्तर मिळतं. ऑस्ट्रेलियातही गाडी डावीकडूनच चालते, जपान तिथूनही तेवढंच जवळ. पण तिथल्या सरकारने वापरलेल्या आयात गाडीवर नेहमीच्या शुल्काखेरीज १२,००० डॉलरचं खास शुल्क ठेवलं. जुन्या गाड्या जवळजवळ आल्याच नाहीत. तिथे खरा उद्योग होता; होल्डन आणि फोर्ड आपल्या गाड्या आपणच डिझाइन करत. तरी निसानने १९९२ मध्ये गाशा गुंडाळला, मित्सुबिशीने २००८ मध्ये, फोर्डने २०१६ मध्ये, आणि २०१७ च्या ऑक्टोबरात आधी टोयोटाचा आणि मग होल्डनचा शेवटचा कारखाना बंद झाला. लहान बाजार, चढलेला डॉलर, थायलंडशी मुक्त व्यापार करार आणि जगभरच्या नव्या गाड्यांशी स्पर्धा एवढं त्याला पुरलं. जुनी गाडी दाराबाहेर ठेवून ऑस्ट्रेलियाने सुमारे वीस वर्षं मिळवली, आणि त्यासाठी सरकारी अनुदानही भरपूर ओतलं.

माझं मत असं: जुनी गाडी धडधाकट उद्योगाला सहसा मारत नाही, पण उद्योग जन्मायची जागा मात्र ती अडवते. कुठल्याही देशात नवी गाडी पहिल्यांदा घेणारा मोठा वर्ग खालच्या पायरीवर असतो, स्कूटरवरून किंवा बसमधून उतरून हप्त्यावर लहान गाडी घेणारा. कारखान्याला संख्या देतो तो हाच वर्ग. संख्या आली की सुट्या भागांचे पुरवठादार येतात, साचे बनवणारे येतात, पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा खर्च वसूल होतो. आणि जपानहून आलेली सात वर्षांची छोटी टोयोटा विट्झ नेमकी याच गिऱ्हाइकाला उचलून नेते. वरच्या पायरीवर सरकारी खाती, कंपन्या, दूतावास आणि श्रीमंत माणसं उरतात. त्यांच्या जोरावर शोरूम चालते. कारखाना चालत नाही.

नायजेरियाकडे बघताना घटनांचा क्रम नीट लावून घ्यावा लागतो. १९७५ मध्ये कडुनाला प्यूजो आणि लागोसला फोक्सवॅगन सुरू झाली. तेलाचा पैसा वाहत होता. सरकारी अधिकाऱ्यापासून लांब पल्ल्याच्या टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातात प्यूजो ५०४. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले, १९८६ मध्ये नायराचं अवमूल्यन झालं, आणि परदेशातून येणाऱ्या सुट्या भागांची किंमत आभाळाला भिडली. नवी गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेली. त्यानंतर युरोपातून जुन्या गाड्यांचा पूर आला, ज्यांना तिथे ‘टोकुन्बो’ म्हणतात. म्हणजे कारखाने आधी चलनाने लोळवले. जुन्या गाड्यांनी त्यांना पुन्हा उठू दिलं नाही.

उठवायचा प्रयत्न २०१३ मध्ये झाला. नव्या धोरणाने बाहेरून तयार येणाऱ्या मोटारींवर शुल्क आणि अधिभार मिळून ७० टक्के बोजा टाकला. जुळणी करणाऱ्यांना सवलती दिल्या. बऱ्याच कंपन्यांनी परवाने घेतले. पण नायजेरियाच्या पश्चिमेला चिंचोळा बेनिन आहे, आणि त्याचं कोतोनू बंदर लागोसपासून काही तासांवर. अँटवर्पहून निघालेल्या गाड्या कोतोनूला उतरत, तिथल्या मोकळ्या मैदानांत रांगांनी उभ्या राहत, आणि रात्रीबेरात्री सीमा ओलांडून नायजेरियात जात. बेनिनच्या तिजोरीत या धंद्याचा मोठा वाटा होता. त्याला तो थांबवण्यात काय रस? नायजेरियाने जमिनीच्या वाटेने गाड्या आणायला बंदी घातली, पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सीमाच बंद करून पाहिली. शेवटी २०२० च्या वित्त कायद्याने मोटारींवरचा अधिभार ५ टक्क्यांवर आणला. सत्तर टक्क्यांची भिंत कागदावर उभी होती, पण तिच्या आत सरकारला ना शुल्क मिळालं, ना कारखाने. स्वतःच्या सीमेवर हुकमत नसेल तर संरक्षक शुल्काचा लाभार्थी शेजारचा तस्कर ठरतो.

या कथेत एक पान असं आहे, जे मोटार कंपन्यांच्या निवेदनांत कधी येत नाही. जुनी गाडी देशात आली की ती मोडते, आणि मोडली की कुणीतरी दुरुस्त करतो. घानात कुमासी शहरात सुआमे मॅगझीन म्हणून जागा आहे. मिस्त्री, वेल्डर, लेथवाले, सुट्या भागांचे दुकानदार असे हजारो लोक तिथे काम करतात. पाच मोडक्या गाड्यांतून दोन चालत्या काढणं, इंजिन दुसऱ्याच सांगाड्यात बसवणं, न मिळणारा भाग ओतून घेणं ही तिथली रोजची कामं. नैरोबीत किरिन्यागा रोडवर सुट्या भागांचं असंच मोहोळ आहे. जुळणीच्या एका कारखान्यात जेवढे लोक नट आवळतात, त्याच्या कैक पट हात या धंद्यात आहेत. त्याला ‘उद्योग’ म्हणायचं की नाही, यावर अर्थशास्त्रज्ञ वाद घालतील. मला वाटतं म्हणावं, पण एक मर्यादा ओळखून: या मिस्त्रीला टोयोटाने वीस वर्षांपूर्वी घेतलेले निर्णय निस्तरता येतात, नवे घेता येत नाहीत. आणि दरवर्षी गाडी अधिक संगणकी होत चालली, तशी त्याच्या पान्याची सत्ता कमी होतेय.

अपवाद आहे, तो आग्नेय नायजेरियातल्या नेवी गावाचा. हे सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांचं गाव. इनोसंट चुक्वुमा तिथे मोटरसायकलचे भाग विकत. तेव्हा बाजारात जपानच्या वापरलेल्या मोटरसायकली खपत. त्यांनी चीनहून नव्या मोटरसायकली सुट्या करून मागवल्या. एका कंटेनरमध्ये कितीतरी जास्त मावू लागल्या, वाहतुकीचा खर्च पडला, आणि नवी मोटरसायकल जुनीच्या भावात मिळायला लागली. गिऱ्हाईक अर्थातच नवीकडे वळलं. पुढे त्यांनी प्लास्टिकचा कारखाना काढला, आणि २०१० मध्ये नेवीत ‘इनोसन’ या नावाने बस, पिकअप आणि मोटारी बनवायचा कारखाना उभा राहिला. तो मोठा नाही, चिनी भागांवर बराच अवलंबून आहे. तरी जुन्या भागांच्या पेठेतून कारखान्यापर्यंत माणूस पोचला, हे घडलेलं आहे.

मोटरसायकलची ही गोष्ट आपल्या ओळखीची वाटायला हवी. नायजेरियात आणि पूर्व आफ्रिकेत प्रवासी वाहून नेणाऱ्या दुचाकींमध्ये पुण्याच्या बजाजची बॉक्सर जिकडेतिकडे दिसते. जिथे मोटारींचा बाजार जुन्या मालाने भरलाय, तिथेच नवी दुचाकी मजेत खपते. जपानने शंभर-दीडशे सीसीच्या रोजच्या वापराच्या मोटरसायकलींची सवयच सोडली, त्यामुळे तिथून जुन्या येणार कुठून? आणि नवी इतकी स्वस्त आहे, की जुनी आणण्यात नफा उरत नाही. केनियातही हाच नियम दिसतो. तिथे आठ वर्षांपेक्षा जुनी गाडी आणता येत नाही, पण सात वर्षांची टोयोटा प्रोबॉक्स खुशाल येते, म्हणून मोटारींची जुळणी नावापुरती. नैरोबीचा इसुझूचा कारखाना मात्र ट्रक आणि बसच्या चॅसिसवर टिकून आहे. शहरात धावणाऱ्या मटाटू बसची बॉडी स्थानिक कारागीर बांधतात, आतली रोषणाई आणि बाहेरची चित्रं गिऱ्हाइकाच्या मर्जीने. जपानची जुनी बस तिथे नेमकी बसत नाही.

रशियाने हा प्रश्न पोलिसांच्या लाठीने सोडवून पाहिला. देशाच्या पूर्व टोकाला व्लादिवोस्तोक आहे. तिथे अर्धं शहर जपानी गाड्यांच्या धंद्यावर जगायचं. रशियात गाडी उजव्या बाजूने चालते, तरी लोक उजव्या स्टिअरिंगच्या जपानी गाड्याच घेत, कारण हजारो किलोमीटर दूर व्होल्गाकाठी तोल्यात्तीत बनणारी लाडा त्यांना नको होती. २००८ च्या मंदीत लाडाच्या कारखान्याला वाचवायला पंतप्रधान पुतीन यांनी वापरलेल्या गाड्यांवरचं शुल्क जबर वाढवलं. डिसेंबरात लोक रस्त्यावर उतरले. त्यांना पांगवायला दंगल पोलीस थेट मॉस्कोहून विमानाने आणले गेले, कारण स्थानिक पोलीसही त्याच गाड्या चालवत होते, असं लोक म्हणत. सरकारने पुढे व्लादिवोस्तोकमध्येच जुळणीचा कारखाना उभा राहील अशी व्यवस्था केली. खरं तर एका देशाच्या दोन टोकांच्या पोटांची ही लढाई होती. ‘स्थानिक उद्योग’ म्हटल्यावर स्थानिक म्हणजे कोण, हे तिथे कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे हा निर्णय २००१ मध्ये झाला, आणि फार गाजावाजा न होता. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांमुळे १ एप्रिल २००१ पासून आयातीवरचे उरलेसुरले संख्यात्मक निर्बंध उठणार होते. त्यात मोटारीही होत्या. वापरलेल्या गाड्यांना सरळ ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. मग वाणिज्यमंत्री मुरासोली मारन यांच्या खात्याने अटी घातल्या: गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, दिव्यांचा झोत डाव्या वाहतुकीला योग्य हवा, मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र हवं, आणि आयात होईल ती फक्त मुंबई बंदरातून. वर शंभर टक्क्यांच्या घरातलं शुल्क. एवढ्या चाळणीतून गाळून आलेली गाडी परवडणार कुणाला? बंदी न घालता बंदी झाली.

त्या वर्षाची परिस्थिती आठवली तर याचं मोल कळतं. टाटांच्या टेल्कोची इंडिका पिंपरीतून निघायला लागून दोनच वर्षं झाली होती, आणि २०००-०१ या वर्षात टेल्कोने सुमारे ५०० कोटींचा तोटा दाखवला. महिंद्राची स्कॉर्पिओ नाशिकमधून निघायला अजून वर्ष होतं. मारुती ८०० मुळात जपानच्या छोट्या सुझुकीवर बेतलेली. तशाच तीन-चार पिढ्या पुढच्या गाड्या जपानच्या लिलावात पडून होत्या. त्या साध्या शुल्कावर न्हावाशेवाला उतरल्या असत्या, तर चाकणच्या माळावर आज जे उभं आहे त्यातलं किती उभं राहिलं असतं, शंकाच आहे.

पण या संरक्षणाची किंमत गिऱ्हाइकाने मोजली, आणि ती फक्त रुपयांत नव्हती. २०१४ च्या जानेवारीत सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या आदळून पाहिल्या. मूळ आवृत्तीत पाचांनाही शून्य तारे मिळाले. एअरबॅग नव्हत्या, काहींचा सांगाडाच टिकला नाही. त्याच काळात ऑकलंडचा साधा कारकून दहा वर्षांच्या जपानी गाडीत दोन एअरबॅगांमागे बसत होता.

याला दुसरी बाजूही आहे. न्यूझीलंडच्या रस्त्यांवरच्या हलक्या गाड्यांचं सरासरी वय १४ वर्षांच्या पुढे आहे, श्रीमंत देशांत खूपच जास्त. आफ्रिकेची स्थिती आणखी बिकट. नेदरलँड्सच्या सरकारी निरीक्षकांनी आपल्या बंदरांतून आफ्रिकेला चाललेल्या गाड्या तपासल्या, तर बहुतेक १६ ते २० वर्षांच्या होत्या. अनेकींकडे रस्त्यावर चालायचं वैध प्रमाणपत्रही नव्हतं, आणि काहींचे धूर गाळणारे उत्प्रेरक काढून घेतलेले, कारण त्यांतल्या मौल्यवान धातूला युरोपात भाव आहे. गाडी परदेशी पाठवायची आणि तिच्यातला मौल्यवान भाग घरीच ठेवायचा, हा व्यवहार चोख आहे. मोटारीचं वय किती असावं यापेक्षा ती बोटीत चढताना काय अवस्थेत असावी, यावर नियम हवेत, असं मला वाटतं. आणि ते पाठवणाऱ्या देशांनीही करायला हवेत.

आता विजेच्या गाड्यांनी हे सगळं पुन्हा मांडायला लावलंय. न्यूझीलंडमध्ये विजेची गाडी आधी लोकांपर्यंत पोचली ती मुख्यतः जपानहून आलेल्या वापरलेल्या निसान लीफमधून. तिथे गिऱ्हाईक किलोमीटर किती झाले हे नंतर विचारतं. आधी डॅशबोर्डावरच्या बॅटरीच्या बारा खुणांपैकी किती उरल्यात ते बघतं. इंजिन शंभरदा खोलता येतं, मिस्त्री त्याला आणखी दहा वर्षं ओढतो. बॅटरीची क्षमता मात्र वापराने झिजतेच, आणि ती बदलायचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीएवढा होऊ शकतो. म्हणजे पहिल्या मालकाने फेडलेला खर्च दुसऱ्या मालकाला काही अंशी पुन्हा फेडावा लागतो. त्याच वेळी चीनच्या नव्या विजेच्या गाड्यांच्या किमती उतरत आहेत, आणि इथिओपियाने तर २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांची आयातच बंद केली. नेवीच्या मोटरसायकलींना जे जमलं, ते चारचाकीत घडायचं असेल तर असंच घडेल: नवी गाडी जुनीच्या भावाला येईल. पण ती नवी गाडी लागोसला किंवा अडिस अबाबाला बनलेली असेल, असं मानायला तूर्तास काहीच आधार नाही.